हरवलेला सुस्कारा : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या श्वास-यंत्रांची गोष्ट



आजच्या विषयाचं नाव वाचून खाली चहाच्या वेळी एकदोघांनी आम्हाला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने हे डॉक्टरी खेळणं कशाला हातात घेतलं? प्रश्न रास्त आहे. उत्तर इतकंच, की ते खेळणं आमच्या हातात आधी दिलं गेलं आणि आम्ही ते दोन दिवस उलटं वापरलं.

हे बघा ते. पारदर्शक प्लास्टिकचे तीन उभे कप्पे, प्रत्येकात एक हलका चेंडू, खाली एक नळी आणि नळीच्या टोकाला तोंडात धरायचा भाग. करोनाच्या दोन वर्षांत हे घरोघरी पोचलं. आज आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे ते कपाटावर धूळ खात पडलं असेल. पण त्याचा जन्म करोनासाठी झालेला नाही. पोटाचं ऑपरेशन केलं की बिघाड छातीत का होतो, हे एक जुनं कोडं होतं, त्या कोड्यातून ते आलं. आता त्याची डिजिटल भावंडंही आली आहेत. त्यांत चेंडूऐवजी एक संवेदक असतो, मोबाईलवर पक्षी उडतो किंवा फुगा वर जातो, दर तासाला घंटी वाजते आणि रुग्णाने किती श्वास घेतले याचा हिशेब सिस्टरच्या पडद्यावर जातो. त्यांच्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी आमची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यातून सुचलं. काही वर्षांपूर्वी आमचं पित्ताशय काढलं. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन आतल्या गुंतागुंतीमुळे अर्ध्यावर सोडून पोटाला मोठा छेद घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पिशवीतून हे यंत्र उशाशी आलं. सोबत बारीक अक्षरातला इंग्रजी कागद, आणि आमचा चष्मा घरी. भाचा शेजारी होता. तो म्हणाला, "मामा, यात जोरात फुंकायचं." आम्ही फुंकलं. चेंडू हलेना. आणखी जोर लावला, टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. चेंडू जागच्या जागी. भाचा निराश, आम्ही ओशाळलेले. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अंगात ताप. तेव्हा एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, तिने आमचा पराक्रम पाहिला, हसली नाही, आणि म्हणाली, "आजोबा, फुंकायचं नाही. स्ट्रॉने ऊसाचा रस ओढतो ना, तसं आत ओढायचं. आणि हळू."

हा आपला म्हातारपणाचा वेंधळेपणा, असं आम्ही बरेच दिवस समजत होतो. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की वैद्यकशास्त्रानेही हीच चूक केली होती, आणि दोन दिवस नव्हे, शंभराहून जास्त वर्षं.

आता 1846 या सालाकडे जाऊ. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बॉस्टनला विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला भूल दिली आणि शस्त्रक्रिया वेदनेशिवाय होऊ शकते हे जाहीरपणे दाखवलं. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन हचिन्सन या डॉक्टराने फुप्फुसांच्या क्षमतेवरचा आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो यायला पुढे सुमारे ऐंशी वर्षं लागली.

हचिन्सनचं यंत्र, म्हणजे स्पायरोमीटर, साधं होतं. पाण्याच्या टाकीत उलटं घातलेलं एक भांडं, त्याला दोऱ्या, कप्प्या आणि वजनं. माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीतून बाहेर सोडायचा. हवा भांड्यात जमते, भांडं वर उचललं जातं, पट्टीवर आकडा मिळतो. त्याने 2130 माणसं मोजली. त्यांत खलाशी होते, आगीच्या बंबावरचे लोक होते, पोलीस, छापखान्यातले कामगार, मुष्टियोद्धे, भिकारगृहातले कंगाल होते, आणि 'सभ्य गृहस्थ' असाही एक वेगळा वर्ग होता! त्यातून त्याला एक नियम सापडला, की पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंची एक इंचाने वाढली की ही क्षमता सुमारे आठ घनइंचांनी वाढते. त्याने तिला नाव दिलं 'व्हायटल कपॅसिटी'. व्हायटल म्हणजे जीवनाशी निगडित. क्षयासारखा रोग लवकर ओळखावा, विमा कंपन्यांनी कोणाचा विमा उतरवायचा ते ठरवावं, अशी त्याची कल्पना होती. म्हणजे श्वासाचं पहिलं मोठं मोजमाप जगण्याची हमी देण्या-नाकारण्याच्या दारात उभं होतं. हचिन्सन स्वतः 1852 मध्ये ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि 1861 साली फिजीमध्ये वारला.

इथे आम्हाला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. त्या यंत्राने काय मोजलं? बाहेर सोडलेला श्वास. का? तर तो भांड्यात धरता येतो. आत घेतलेला श्वास देहात शिरतो आणि दिसेनासा होतो. म्हणजे जे मोजता येतं ते महत्त्वाचं, अशी गाडी सुरू झाली. पूरक, कुंभक, रेचक ही तीन वेगळी नावं आपल्याला लहानपणापासून माहीत असतात, पण यंत्राच्या वाट्याला पहिल्यांदा आला तो रेचकच.

त्या आकड्याचं पुढे काय झालं, हेही जाता जाता सांगतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर बेंजामिन गूल्ड याने सैनिकांची मापं 1869 साली प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या फुप्फुसांची क्षमता कमी भरते, असं त्यात दिसलं. त्यांनी आयुष्यभर कोणती हवा घेतली, काय खाल्लं, कोणतं काम केलं, हा प्रश्न बाजूला राहिला आणि वंशालाच कारण ठरवलं गेलं. ते 'वांशिक दुरुस्ती'चे गुणक विसाव्या शतकभर स्पायरोमीटरच्या हिशेबात टिकले, आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठीही. वंश न धरता मापन वाचावं, अशी शिफारस अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने केली ती 2023 मध्ये. तेव्हा यंत्राच्या डब्यात 'तुमच्या वयाला आणि उंचीला इतका श्वास हवा' असा तक्ता निघाला, तर तो कोणाला मोजून केला आहे, एवढा प्रश्न मनात असावा.

आता भुलेकडे. ईथर आलं, शल्यविशारद निर्धास्तपणे पोट उघडू लागले, आणि एक नवंच दुखणं दिसू लागलं. ऑपरेशन उत्तम होई, जखम भरत असे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाला ताप, धाप, न्यूमोनिया. दोष ईथरला देण्यात आला. ते फुप्फुसांना झोंबतं, सर्दी करतं, असं म्हणणं होतं. पण ईथर हातापायाच्या ऑपरेशनलाही वापरत, आणि छातीचा त्रास पोटाच्या, त्यातही पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशननंतर फार जास्त. मग?

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये विल्यम पाश्चर नावाचे डॉक्टर होते. रेबीजच्या लशीचे पाश्चर ते वेगळे. या पाश्चरांनी आधी घटसर्प झालेली मुलं पाहिली होती. त्या रोगात कधीकधी श्वासपटल लुळं पडतं. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, ज्याला आपण सर्रास डायफ्रॅम म्हणतो. ते लुळं पडलं, की फुप्फुसाचा खालचा भाग हवा जाऊन मिटतो, हे त्यांना दिसलं होतं. 1908 चं एक व्याख्यान आणि 1910 चा एक लेख यांत त्यांनी मांडलं, की पोटाच्या ऑपरेशननंतर जे होतं त्याला दरवेळी जंतूंपासून सुरू झालेला न्यूमोनिया म्हणता येणार नाही. आधी फुप्फुस मिटतं. श्वास वर ओढणारी शक्तीच थांबलेली असते.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी बारीक वायुकोश आहेत. द्राक्षांचे घड समजा, पण ओल्या, पातळ कातडीचे. रोजच्या उथळ श्वासात सगळे पुरते फुगत नाहीत; तळाचे काही हळूहळू मिटत जातात. मिटलेल्या भागात कफ साचतो, रक्ताला तिथे प्राणवायू मिळत नाही, आणि साचलेल्या जागी जंतू घर करतात. बॉस्टनचे चर्चिल आणि मॅकनील यांनी 1927 मध्ये हचिन्सनचं माप ऑपरेशन झालेल्या रुग्णांना लावलं, आणि पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशननंतर ते किती कोसळतं ते दाखवलं. अर्ध्यावर येतं, कधी त्याहूनही खाली, आणि पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. 1846 मधल्या दोन वाटा इथे एकमेकींना भेटल्या असं म्हणायला हरकत नाही.

हे केवळ दुखण्यामुळे होतं का? आम्हालाही तसंच वाटत होतं. पण 1983 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातून औषध देऊन दुखणं कमी केलं आणि तरी श्वासपटल पूर्वीसारखं हलेना. पोटातल्या अवयवांना हात लागला, की श्वासपटल काही दिवस आपसूक मागे सरतं, असं आता मानतात. रुग्ण आळशी नसतो, हे नातेवाइकांनी ध्यानात घेतलेलं बरं.

मग उपाय सुरू झाले, आणि त्यांची गंमत आहे. 1920 च्या दशकात येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन ऑपरेशननंतर रुग्णाला थोडा कार्बन डायऑक्साइड हुंगवायला सांगत होते. त्या वायूने श्वासाची ओढ वाढते, म्हणून. मग बाटल्या आल्या. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या नळीने जोडायच्या आणि रुग्णाने फुंकून एकीतलं पाणी दुसरीत ढकलायचं. ही मूळ छातीत पू झालेल्यांसाठीची युक्ती, ती पोटाच्या रुग्णांकडेही आली. बघा, पुन्हा फुंकणंच! पाणी सरकताना दिसतं, रुग्णाला बरं वाटतं, सिस्टरला काम झाल्याचं दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर दाब देऊन हवा आत ढकलणारी यंत्रं आली. 1950-60 च्या दशकांत अमेरिकन रुग्णालयांत ती सर्रास वापरली जात. ती महाग होती, चालवायला माणूस लागे, आणि 1974 मध्ये अमेरिकेत भरलेल्या एका परिषदेत प्रश्न उभा राहिला, की या सगळ्याला शास्त्रीय आधार किती?

दरम्यान खरा शोध दुसरीकडेच लागला होता. आम्हाला या कथेतला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. तो सुस्काऱ्याचा आहे.

सुस्कारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? विरहिणी, किंवा कर्जाचा हप्ता. आपल्या कथा-कादंबऱ्यांत पात्रं दीर्घ निःश्वास 'सोडतात'. सुस्कारा 'घेतला' असं मराठीत कोणी म्हणत नाही. पण शरीराच्या दृष्टीने सुस्काऱ्यात महत्त्वाचं असतं ते त्याच्या आधीचं, नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहून खोल आत घेणं. 1959 मध्ये मीड आणि कॉलियर यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांवर दाखवलं, की एकसारखा उथळ श्वास चालू ठेवला तर फुप्फुसं हळूहळू ताठर होत जातात, आणि मध्येच एक मोठा श्वास दिला की पुन्हा लवचिक होतात. 1963 मध्ये बेंडिक्सन, हेडली-व्हाइट आणि लेव्हर यांनी तेच भुलेखालच्या माणसांत दाखवलं. पुढच्या वर्षी बेंडिक्सन यांनी निरोगी तरुणांचे श्वास मोजले, तर प्रत्येक जण तासाला साधारण नऊ-दहा वेळा नकळत सुस्कारा टाकत होता. सुखी असो वा दुःखी! 2016 साली उंदरांवरच्या संशोधनातून मेंदूच्या तळाशी सुस्काऱ्याची आज्ञा देणाऱ्या पेशींचा छोटा समूहही सापडला. म्हणजे हा भावनेचा अलंकार नसून आतली झाडलोट आहे. दर पाच-सहा मिनिटांनी शरीर मिटलेली द्राक्षं एकदा फुगवून घेतं.

आणि ऑपरेशननंतर काय होतं? लॉरेन्स एग्बर्ट आणि बेंडिक्सन यांनी 1964 मध्ये नोंदवलं, की मॉर्फीन दिलं की सुस्कारे थांबतात. श्वास चालू, नाडी चालू, रुग्ण शांत, आणि ती दर पाच मिनिटांची झाडलोट बंद. त्यात श्वासपटल मागे सरलेलं, टाके ओढणारे. सगळे वायुकोश मिटायला याहून अनुकूल स्थिती कोणती?

एग्बर्ट हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता या यंत्राचे जनक. रॉबर्ट बार्टलेट हे अमेरिकन शल्यविशारद. करोनाच्या काळात 'एक्मो' हा शब्द आपण ऐकला असेल, शरीराबाहेर रक्ताला प्राणवायू देणारं ते प्रचंड यंत्र. ते रुग्णांच्या खाटेपाशी आणणाऱ्यांतले हे अग्रणी. 1975 मध्ये त्याच्या साहाय्याने त्यांनी एक नवजात बाळ वाचवलं. फुप्फुसांसाठीचं सगळ्यात मोठं यंत्र आणि सगळ्यात क्षुल्लक दिसणारं यंत्र, दोन्हींमागे एकच माणूस. 1970 च्या सुमाराला कॅलिफोर्नियात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशननंतर करायला लावल्या जाणाऱ्या सगळ्या श्वासक्रिया एकेक करून तपासल्या आणि 1973 मध्ये लिहिलं, की वायुकोश उघडतात ते आत घेतलेल्या मोठ्या, थोडा वेळ धरून ठेवलेल्या श्वासाने. बाटलीत फुंकण्याचा उपयोग होत असेल तर तो फुंकण्याआधी रुग्ण जो खोल श्वास घेतो त्याचा. आदर्श कृती कोणती, तर त्यांच्या मते जांभई! होय, जांभई. पण रुग्णाला तासाला दहा जांभया द्या असं सांगून त्या येत नाहीत. म्हणून त्यांनी असं यंत्र केलं ज्यात ठरवलेला श्वास आत ओढला की दिवा लागे आणि यशस्वी श्वासांची मोजणी होई. नाव पडलं 'इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर', म्हणजे प्रलोभन दाखवणारं श्वासमापक.

म्हणजे बघा, दिवा आणि मोजणी आधी आली. प्लास्टिकचे चेंडू नंतर आले. एका रुग्णाला एक, वापरून टाकून द्यायचं, स्वस्त. डिजिटल यंत्र नवं म्हणून विकलं जातं, पण दिवा आणि गणकाची कल्पना पन्नास वर्षं जुनी आहे. मधल्या काळात ती स्वस्ताईत हरवली होती.

चेंडूंच्या यंत्रात आणखी एक गोम आहे, ती आम्हाला त्या मुलीने दाखवली. कप्प्यांवर 600, 900, 1200 असे आकडे असतात. आम्हाला वाटलं, 1200 म्हणजे इतके मिलिलिटर हवा. तसं नाही. तो वेग आहे, सेकंदाला किती. म्हणजे हिसका देऊन झटकन ओढलं तर तिन्ही चेंडू टपकन वर जातात, घरचे टाळ्या वाजवतात, आणि तळाच्या वायुकोशांना काही पोचलेलंच नसतं. याउलट एकच चेंडू सावकाश, चार-पाच सेकंद वर तरंगत ठेवला तर काम होतं. वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. उंची साडेचार फूट असेल नसेल. त्यांचा मुलगा तिसऱ्या चेंडूसाठी त्यांच्या मागे लागायचा. "आई, बाजूचे काका बघ." बाजूचे काका म्हणजे आम्ही, ज्यांना खरं तर काहीच जमत नव्हतं. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव आम्हाला अजून आठवतो. दोन वेळच्या परीक्षेत नापास झाल्यासारखा. प्रलोभन म्हणून आणलेल्या वस्तूची छडी व्हायला वेळ लागत नाही.

आता सरळ प्रश्न. याने फुप्फुसं वाचतात का?

1984 मध्ये चेली आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे 172 रुग्ण चार गटांत वाटले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला दाबाचं यंत्र. तिसऱ्याला इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर. चौथ्याला नुसता खोल श्वास, यंत्राशिवाय, पण कोणीतरी समोर बसून करवून घेतलेला. काहीच न केलेल्यांत 48 टक्के लोकांना छातीचा त्रास झाला. बाकी तिन्ही गटांत 21-22 टक्के. तिन्ही सारखेच! पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनांत स्पायरोमीटरवाले थोडे लवकर घरी गेले, हेही त्यात नोंदवलं आहे, ते लपवायला नको. 1991 मध्ये ऑस्ट्रेलियात 876 रुग्णांवर स्पायरोमीटर आणि नेहमीची फिजिओथेरपी यांची तुलना झाली. त्रास झालेल्यांचं प्रमाण 15.8 आणि 15.3 टक्के. पुढे 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात बारा अभ्यास आणि 1834 रुग्ण एकत्र पाहिले, आणि पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशननंतर या यंत्राने त्रास टळतो असा पुरावा सापडला नाही. त्याआधीच 2011 मध्ये अमेरिकेतल्या श्वसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं होतं, की एकट्या या यंत्रावर विसंबून राहू नका.

तर्कशास्त्र शिकवलेला माणूस इथे थांबणारच. 'उपयोग होतो असा पुरावा सापडला नाही' आणि 'उपयोग होत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत. बहुतेक अभ्यास लहान होते, आणि रुग्णाने यंत्र खरंच किती वापरलं हे फारसं कोणी मोजलेलं नव्हतं. तासाला दहा श्वास सांगतात. तो आकडा आणि सुस्काऱ्यांचा आकडा जुळतो, हे आपल्या लक्षात आलं असेलच. पण माणसं यंत्र बाजूला ठेवतात, झोपतात, दुखतं म्हणून टाळतात, किंवा आमच्यासारखी फुंकतात. मग अभ्यासात काय तपासलं गेलं? खोल श्वास, की उशाशी ठेवलेलं प्लास्टिक?

डिजिटल यंत्रांच्या बाजूने सगळ्यात चांगला मुद्दा हाच आहे, आणि तो खरा आहे. ती मोजतात, आठवण करतात. 2019 मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्पायरोमीटरला तासाला वाजणारी साधी घंटी जोडली होती. श्वासांची संख्या साधारण दुप्पट झाली, फुप्फुसं मिटण्याचं प्रमाण घटलं आणि रुग्णालयातला मुक्कामही कमी झाला. ते हृदयाचे रुग्ण होते, पोटाचे नव्हेत. पण घंटीचा उपयोग नाकारण्याचं कारण नाही. चांगल्या संवेदकाला वेग आणि आकारमान यांतला फरकही कळतो, म्हणजे हिसक्याला गुण मिळणार नाहीत. त्या आजींना त्यांच्या उंचीचं, त्यांच्या कालच्या श्वासाचं लक्ष्य देता येईल. हे सगळं चांगलं आहे.

पण आता एग्बर्टकडे परत येऊ. मॉर्फीन आणि सुस्काऱ्याचा लेख ज्या 1964 साली आला, त्याच साली एग्बर्ट यांनी दुसऱ्या सहकाऱ्यांबरोबर आणखी एक लेख लिहिला. पोटाच्या ऑपरेशनचे 97 रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना भूलतज्ज्ञ आदल्या रात्री जाऊन भेटला. दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल, हे त्याने सांगितलं. खोल श्वास घेऊन पोटाचे स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, ते शिकवलं. ऑपरेशननंतरही तो येऊन गेला. या रुग्णांना वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मंच लागलं, आणि ते सरासरी 2.7 दिवस आधी घरी गेले. आता दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. मॉर्फीन सुस्कारा मारतं, आणि आदल्या रात्रीचं बोलणं मॉर्फीनची गरज निम्म्यावर आणतं. एकाच माणसाने हे दोन्ही लिहिलं, आणि नंतरचं सगळं संशोधन मात्र यंत्रांच्या मागे गेलं.

54 वर्षांनी, 2018 मध्ये, इयान्थी बोडेन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनच्या 441 रुग्णांवर हेच नव्याने तपासलं. माहितीपुस्तिका सगळ्यांना दिली. त्यांतल्या निम्म्यांजवळ ऑपरेशनच्या आधी एक फिजिओथेरपिस्ट अर्धा तास बसली. फुप्फुसं का मिटतात, शुद्धीवर आल्याबरोबर श्वास कसे घ्यायचे, ते तिने सांगितलं आणि करून घेतलं. ऑपरेशननंतर दोन्ही गटांना चालवलं, पण श्वासाची खास शिकवणी कोणालाच दिली नाही. यंत्र नाही, चेंडू नाहीत. छातीचा त्रास पुस्तिकावाल्यांत 27 टक्के, अर्धा तास मिळालेल्यांत 12.

आणखी दोन गोष्टींचं ऋण मान्य केलं पाहिजे, नाहीतर इतिहास अर्धवट राहील. एक म्हणजे रुग्णाला लवकर उठवणं. पूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे अंथरुणावर ठेवत; अमेरिकेतले डॅनियल लाइटहाउझर यांनी 1946 च्या आपल्या पुस्तकात त्याविरुद्ध ठामपणे लिहिलं. दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये भारतातली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. चार बारीक छिद्रं पडली, श्वासपटल कमी बिथरलं, आणि अगणित फुप्फुसं मिटायची वाचली. त्यांना कोणी श्वासाचं यंत्र म्हणणार नाही, एवढंच.

आपल्याकडची अडचण मात्र त्या अर्ध्या तासाची आहे. सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात जा. खाटांवर रुग्ण, खाटांमध्ये रुग्ण, आणि फिजिओथेरपिस्ट एखादीच. तिच्याकडे अर्धा तास कुठून येणार? तिथे घंटी वाजवणारं यंत्र आलं आणि तिची एक फेरी वाचली तर आम्ही त्याचं स्वागतच करू. भीती वेगळी आहे. यंत्र आलं म्हणून तिची जागा भरायचीच नाही, असं कोणी ठरवलं तर? पडद्यावर 'श्वास 96, उद्दिष्ट पूर्ण' असं दिसलं म्हणून कोणी खाटेपाशी थांबलंच नाही तर? हचिन्सनच्या टाकीसारखंच, यंत्राला जे धरता येतं तेच ते धरणार. हे ओठ घट्ट मिटले आहेत का, माणूस उशीवर घसरून कुबडा झाला आहे का, तो दुखण्याला घाबरतो आहे की दुखण्याने थकला आहे, हे आज तरी कोणाला तरी पाहावं लागतं.

त्या मुलीने तिसऱ्या दिवशी काय केलं, ते सांगून थांबतो. तिने यंत्र आधी बाजूला ठेवलं. आम्हाला वर सरकवून बसतं केलं. एक उशी पोटावर टाक्यांशी धरायला दिली, खोकताना दाबून धरण्यासाठी. मग आपला तळहात आमच्या शेवटच्या बरगडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, इथे श्वास आणा. माझा हात बाहेर ढकला." पहिल्या चार श्वासांत काही नाही. पाचव्याला तिचा हात किंचित हलला, आणि तो हलल्याचं आम्हाला तिच्या आधी कळलं. मग तिने यंत्र हातात दिलं आणि सांगितलं, एकच चेंडू, हळू, वर धरून तीन मोजा. त्या रात्री ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशी उतरला.

मागच्या महिन्यात आमच्या धाकट्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. तिच्या नातवाने मोबाईलला जोडायचं, पक्षी उडवणारं यंत्र आणलं आहे. चांगलं आहे, आम्ही स्वतः करून पाहिलं, पक्षी झाडापर्यंत गेला. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिच्याकडे गेलो, यंत्र टेबलावर ठेवलं, आणि तिच्या बरगडीवर हात ठेवून म्हटलं, "फुंकायचं नाही बरं का, सुमे. आत घ्यायचं."